बिल विल्सन : 'ए.ए.' सुरू करणारा माणूस



दरवर्षी २ ऑक्टोबरला आपण शाळेत व्यसनमुक्तीची शपथ घेतो. मुलं हात पुढे करून शपथ म्हणतात, फलक लागतात, प्रभातफेरी निघते. हे व्हायलाच हवं. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या दोन-चार मुलांच्या घरी रोज संध्याकाळी काय चालतं, हे वर्गशिक्षकाला साधारण माहीत असतं. दारू वाईट असते हे त्या मुलांना आपण सांगायची गरजच नाही. त्यांचा प्रश्न निराळा आहे : ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याने जायचं कुठे? या प्रश्नाचं एक उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यातून निघालं, त्या बिल विल्सनची ही ओळख. नववी-दहावीच्या वर्गात सांगता येईल, पण आधी मोठ्यांनी वाचावी अशी माझी इच्छा आहे.

एक खुलासा करून ठेवते. त्याच्या संघटनेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात आणि त्यालाही जगभर नुसतं बिल म्हणतात. म्हणून मीही इथे अहोजाहो केलेलं नाही.

बालपण

विल्यम ग्रिफिथ विल्सनचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात, ईस्ट डॉर्सेट नावाच्या लहानशा गावात झाला. त्याच्या आजीचं तिथे प्रवाशांसाठी छोटं हॉटेल होतं, आणि जन्म झाला तो त्या हॉटेलातल्या बारच्या मागच्या खोलीत! वडील संगमरवराच्या खाणीवर देखरेखीचं काम करायचे. तेही पिणारेच. बिल दहा-अकरा वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. वडील दूर निघून गेले, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बोस्टनला गेली, आणि बिल व त्याची धाकटी बहीण डोरोथी आजी-आजोबांकडे राहिली. १९०६ सालच्या खेड्यात घटस्फोट म्हणजे काय गवगवा झाला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याच्या आजोबांची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनाच बनवता येतं, असं ते एकदा सहज म्हणाले. झालं! हे पोरगं जवळजवळ सहा महिने लाकूड तासत बसलं. शेवटी चांगल्या लाकडासाठी पलंगाची डोक्याकडची फळीसुद्धा कापली, आणि फेकलेलं बूमरँग परत आणूनच दाखवलं. आजोबा खूश झाले. पण आपण पहिलेच असलो पाहिजे, नाहीतर आपण कोणीच नाही, ही खोड तिथून त्याला लागली आणि पुढे तिने त्याला बरंच छळलं. मुलाच्या जिद्दीचं आपण तोंड भरून कौतुक करतो. त्यामागे कधी कधी घाबरलेलं मूल असतं, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

माध्यमिक शाळेत तो चमकला. वर्गाचा प्रमुख झाला, बेसबॉल खेळू लागला, व्हायोलिन वाजवू लागला. बर्था नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम होतं. नोव्हेंबर १९१२ मध्ये न्यूयॉर्कला एका शस्त्रक्रियेनंतर ती अचानक गेली. ही बातमी त्याला कशी कळली? सकाळच्या प्रार्थनेला सगळी शाळा जमली होती आणि मुख्याध्यापकांनी ती तिथेच जाहीर केली. मुख्याध्यापकांच्या मनात वाईट काही नसणार. पण सतरा वर्षांच्या त्या मुलाला कुणी आधी बाजूला घेतलं नाही, आणि नंतरही कुणी जवळ बसलं नाही. तो पार कोसळला. अभ्यास थांबला, त्या वर्षी नापास झाला, कित्येक महिने नैराश्यात काढले. सहकाऱ्यांनो, या प्रसंगावर थोडं थांबा. दारू त्याच्या आयुष्यात अजून आलेलीच नव्हती.

पहिला प्याला

ती आली १९१७ मध्ये. पहिलं महायुद्ध सुरू होतं, बिल सैन्यात लेफ्टनंट झाला होता आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डजवळ त्याची नेमणूक होती. गावातली श्रीमंत मंडळी अधिकाऱ्यांना मेजवान्या द्यायची. खेड्यातून आलेल्या बिलला त्या झगमगाटात कुठे उभं राहावं, कुणाशी काय बोलावं काही सुचेना. कुणीतरी हातात प्याला दिला. थोड्याच वेळात संकोच वितळला आणि आपणही यांच्यातलेच आहोत असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तुम्ही कधी सुधारलेल्या व्यसनी माणसाचं बोलणं ऐकलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. चव किंवा झिंग राहते बाजूला. बरेचजण आठवण सांगतात ती या सुटकेची.

जानेवारी १९१८ मध्ये त्याचं लोइस बर्नहॅमशी लग्न झालं. ती त्याच्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी, ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांची मुलगी. युद्धावरून परतल्यावर बिल रात्रीच्या वर्गात कायदा शिकला, पण अंतिम परीक्षेच्या एका पेपरला इतका पिऊन बसला होता की लिहिताच येईना. पदवी राहिली ती राहिलीच. मग त्याला शेअर बाजाराने ओढलं. १९२५ मध्ये दोघं साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून निघाली. बिल गावोगावच्या कारखान्यांत जाऊन कंपनी खरंच कशी चालली आहे ते बघायचा आणि वॉल स्ट्रीटवर अहवाल पाठवायचा. कागदावरचे आकडे पाहून पैसे गुंतवण्याच्या त्या काळात ही कल्पना नवीन होती. पैसा आला, आणि पैशाबरोबर पिणंही वाढलं. लक्षात घ्या, १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. बिलचा सगळा उतार त्याच वर्षांतला आहे.

ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि याचं सगळंच गेलं. लोइसच्या वडिलांच्या ब्रुकलिनमधल्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या घरी दोघं राहायला आली. लोइस एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काम करून घर चालवू लागली. तिची बाळंतपणं आधीच निष्फळ ठरली होती, आणि मूल दत्तक घ्यायचा प्रयत्नही बिलच्या पिण्यामुळे फसला. बिल तिच्या पर्समधून पैसे काढायचा.

शपथेचं म्हणाल, तर त्याने शपथा कमी घेतल्या नव्हत्या. घरातल्या बायबलच्या पानावर, आता कधीही पिणार नाही, असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. लिहिताना तो खोटं बोलत नव्हता, असंच मला वाटतं.

दवाखाना आणि जुना मित्र

बहिणीचा नवरा डॉक्टर होता. त्याने खर्च उचलला आणि १९३३-३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल एकूण चार वेळा दाखल झाला. तिथे डॉ. विल्यम सिल्कवर्थ भेटले. हा माणूस मोठा म्हटला पाहिजे. त्या काळी दारुड्याला लोक चारित्र्यहीन तरी समजत, नाहीतर वेडा तरी. सिल्कवर्थनी सांगितलं की हा आजार आहे : शरीराला दारूची एक प्रकारची अॅलर्जी असते, पहिला घोट गेला की थांबता येत नाही, आणि मनाला असा ध्यास असतो की तो पहिला घोट घेतल्याशिवाय राहवत नाही. अॅलर्जी हा शब्द आजचे डॉक्टर तसा वापरत नाहीत, पण आजार ही गोष्ट टिकली. बिलला हे पटलं, आणि तरीही बाहेर आल्यावर तो प्यायला. नुसतं समजून काही होत नाही, हे त्याला तिथे समजलं. डॉक्टरांनी लोइसला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की असंच चाललं तर हा मरेल तरी किंवा याचा मेंदू तरी कामातून जाईल.

नोव्हेंबर १९३४. बिल स्वयंपाकघरात एकटाच पीत बसला होता आणि शाळेपासूनचा मित्र एबी थॅचर भेटायला आला. एबी म्हणजे एक नंबरचा पिणारा. बिलने प्याला पुढे सरकवला. एबीने नको म्हटलं. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका धार्मिक मंडळींमध्ये तो जाऊ लागला होता. आपल्या चुका दुसऱ्यापाशी कबूल करायच्या, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायची, दुसऱ्याला मदत करायची आणि प्रार्थना करायची, असा त्यांचा रिवाज होता. एबीने उपदेश केला नाही. स्वतःचं काय झालं तेवढं सांगितलं आणि गेला. बिल त्यानंतरही काही आठवडे पीत राहिला, पण ती भेट डोक्यातून जाईना.

११ डिसेंबर १९३४ हा त्याच्या पिण्याचा शेवटचा दिवस. चौथ्यांदा टाउन्स हॉस्पिटलमध्ये असताना त्याला खोली प्रकाशाने भरून गेल्यासारखा एक विलक्षण अनुभव आला आणि मन शांत झालं. उपचारात दिलेल्या औषधांचा तो परिणाम होता की आणखी काही, यावर लोक आजही वाद घालतात. सिल्कवर्थनी त्याला वेड्यात काढलं नाही, एवढं मात्र खरं. तेव्हा बिल ३९ वर्षांचा होता.

(पालकांसाठी एक सूचना इथेच. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर थरथर, फेफरं, भास असा जीवघेणा त्रास होऊ शकतो. घरात कोंडून सोडवायला जाऊ नका. आधी डॉक्टर.)

अॅक्रनचा फोन

आपल्याकडच्या गोष्टी बहुधा इथे संपतात. साक्षात्कार झाला, दारू सुटली, सुखाने संसार केला. बिलची खरी गोष्ट इथून सुरू होते.

पुढचे पाच-सहा महिने तो दारुड्यांच्या मागे हात धुऊन लागला. दवाखान्यात जाई, लोकांना घरी आणी, आपल्या त्या दिव्य अनुभवाबद्दल तासन् तास बोले. एकाचीही सुटली नाही. वैतागून त्याने लोइसपाशी गाऱ्हाणं केलं. तिने दाखवून दिलं की निदान एकाची तरी सुटलेली आहे : त्याची स्वतःची. सिल्कवर्थनी सल्ला दिला की प्रवचन बंद कर, आजाराबद्दल आणि स्वतःच्या हालांबद्दल बोल.

मे १९३५ मध्ये एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या व्यवहारासाठी तो ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात गेला. व्यवहार फसला, सहकारी परत गेले. शनिवारची संध्याकाळ, परकं गाव, खिशात थोडेच पैसे. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार होता आणि तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. बिल येरझारा घालू लागला. आत जाऊन नुसतं थंड पेय घ्यावं, ओळखी होतील, असा विचार आला, आणि तो विचार आला म्हणूनच तो घाबरला. त्याला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली : न्यूयॉर्कला तो दुसऱ्यांना वाचवायला धडपडत होता, आणि त्यातल्या कुणामुळे नाही तरी त्या धडपडीमुळे तो स्वतः वाचला होता. आत्ता त्याला दुसऱ्या एका दारुड्याची गरज होती.

त्याने यादीतल्या एका धर्मगुरूंना फोन लावला. सरळ सांगितलं, की मी न्यूयॉर्कचा दारुडा आहे, मला बोलायला दुसरा दारुडा हवाय. विचार करा, आपल्याला असा फोन आला तर आपण काय करू! धर्मगुरूंनी काही नावं दिली. एकामागून एक फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्या ऑक्सफर्ड ग्रुपमधल्या होत्या आणि गावातल्या एका सर्जनच्या पिण्याने अस्वस्थ होत्या. डॉ. बॉब स्मिथ त्यांचं नाव. त्या रात्री भेट होऊ शकली नाही, कारण डॉक्टर मातृदिनासाठी बायकोला कुंडीतलं रोप घेऊन आले होते आणि रोपाबरोबर स्वतःही आडवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी, १२ मे १९३५ ला, संध्याकाळी पाच वाजता डॉ. बॉब आले. डोकं ठणकत होतं, हात कापत होते. पंधरा मिनिटांत निघायचं असं त्यांनी बायकोकडून, म्हणजे अॅनकडून, कबूल करून घेतलं होतं. निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आजवर डॉक्टरांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. हा पहिला माणूस असा होता की जो त्यांच्याकडे मदत मागायला आला होता आणि त्यांच्या रोगाबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलत होता.

महिनाभराने डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. परतले ते अर्धवट शुद्धीत, आणि तीनच दिवसांनी शस्त्रक्रिया करायची होती. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिलनेच त्यांना एक बिअर दिली. ती १० जून १९३५ ची बिअर त्यांच्या आयुष्यातली शेवटची. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर कित्येक तास घरी आले नाहीत. घरच्यांचा जीव टांगणीला. ते गावभर फिरून, ज्यांचं देणं होतं, ज्यांना दुखावलं होतं त्यांना भेटत होते. हाच दिवस पुढे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे 'ए.ए.'चा स्थापना दिवस मानला गेला. लगेच दोघं मिळून दवाखान्यातल्या एका वकिलाकडे गेले, आणि दोनाचे तीन झाले.

टोपी फिरते

वाढ फार हळू झाली. क्लिंटन स्ट्रीटच्या घरी दर आठवड्याला बैठक भरे. लोइस दिवसभर नोकरी करून या मंडळींना जेवूखाऊ घालायची. राहायला आलेल्यांपैकी एकाने बिलचे कपडे विकून दारू प्यायली आणि पुढे त्याच घरात आत्महत्या केली. १९३७ च्या शेवटी मोजदाद केली तेव्हा चाळीसेक माणसं टिकलेली निघाली.

पैसा हवाच होता. टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने बिलला पगारी नोकरी देऊ केली. कर्जबाजारी माणूस, आनंदाने घरी आला. पण बैठकीतले सोबती म्हणाले की तू पैसे घेऊन हे करायला लागलास तर आपल्यातलं काहीतरी मोडेल. बिलने नकार कळवला. मला त्याच्या चरित्रातला हा प्रसंग प्रकाशाच्या अनुभवापेक्षा मोठा वाटतो. सगळ्यांत पहिला व्हायची सवय असलेला हा माणूस इथे गटाचं ऐकतो. १९३८ मध्ये धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे हात पसरला, तर त्यांनीही पाच हजार डॉलरच दिले. जास्त पैशाने हे काम बिघडेल, असं त्यांचं मत होतं. आजही ए.ए. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही. मीटिंगमध्ये टोपी किंवा डबा फिरतो, त्यातून भाडं आणि चहा निघतो.

१९३८ च्या डिसेंबरमध्ये बिलने बारा पायऱ्या लिहिल्या. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हरलो हे मान्य करणं. देवाचा उल्लेख आल्यावर नास्तिक सभासदांनी कडाडून भांडण काढलं, आणि मग देव ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीक आली. आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव दिसतात. त्यात श्रद्धा किती आणि दिंडीतल्या सोबत्यांचा आधार किती, हे कुणी वेगळं काढावं? अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस याच नावाचं पुस्तक एप्रिल १९३९ मध्ये निघालं. त्याच महिन्यात क्लिंटन स्ट्रीटचं घर सुटलं आणि जवळजवळ दोन वर्षं बिल-लोइस ओळखीच्यांच्या घरोघरी राहत होती. मग मार्च १९४१ मध्ये एका खपाच्या साप्ताहिकात लेख आला आणि सभासद वर्षभरात दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

गर्दी झाल्यावर प्रत्येक गट आपापले नियम करू लागला. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही. सगळ्या गटांचे नियम एकत्र केले तेव्हा लक्षात आलं की ते लावले तर कुणालाच प्रवेश मिळणार नाही! शेवटी एकच अट उरली : दारू सोडायची इच्छा. ना फी, ना अर्ज, ना आडनाव.

लोइसचं काय? नवरा सुधारला म्हणून ती सुखी झाली असेल असं वाटतं ना? एकदा बैठकीला चल म्हणून त्याने घाई केली तेव्हा तिने बूट फेकून मारला. स्वतःच्या रागाने तीच चकित झाली. इतकी वर्षं तिने त्याला सांभाळलं, आणि त्याची सुटली ती परक्या माणसांमुळे! पिणाऱ्याबरोबर घरचेही आजारी पडतात हे तिला उमगलं, आणि १९५१ मध्ये तिने एका मैत्रिणीबरोबर कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन सुरू केलं. मुलांसाठीचं अलाटीन १९५७ चं.

बिल काही संत नव्हता. १९४४ पासून दहा-अकरा वर्षं त्याला नैराश्याने ग्रासलं होतं, लोइसशी तो एकनिष्ठ राहिला नाही, आणि सिगारेट त्याला शेवटपर्यंत सोडता आली नाही. १९५५ मध्ये त्याने संघटनेची सूत्रं सभासदांच्या हाती दिली. येल विद्यापीठाची मानद पदवी नाकारली, कारण नाव झालं की अनामिकपणा संपतो. फुप्फुसं निकामी होऊन २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, तो गेला. शेवटच्या आजारपणात त्याने व्हिस्की मागितल्याची नोंद आहे. दिली गेली नाही. न पिता ३६ वर्षं काढली होती. ईस्ट डॉर्सेटमधल्या त्याच्या थडग्यावर नाव आणि सैन्यातली नोंद आहे, ए.ए.चा उल्लेखही नाही.

आपल्याकडे

मुंबईत ए.ए. १९५७ मध्ये सुरू झालं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. तिथे पत्नींसाठी सहचरी नावाचा गटही आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ए.ए.च्या मराठी मीटिंग भरतात, पुष्कळदा चर्चच्या हॉलमध्ये किंवा संध्याकाळी रिकाम्या झालेल्या शाळेच्या वर्गात.

तिथे काय होतं ते सांगते, कारण जायला घाबरतात ते यालाच. साधारण तास-दीड तास असतो. एकजण मीटिंग चालवतो. ज्याला बोलायचं तो आपलं पहिलं नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत म्हणतो आणि स्वतःचं सांगतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसतं ऐकलं तरी चालतं. जो पुन्हा प्यायला, त्याची स्लिप झाली असं म्हणतात आणि त्याला खुर्ची देतात. बिलला निरोप देणारा एबीसुद्धा पुढे कितीदा तरी घसरला. प्रत्येकाला हा मार्ग लागू पडतोच असं नाही. कुणाला डॉक्टर आणि औषधं लागतात, कुणाला दोन्ही.

क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. ओपन मीटिंगला मात्र कुणीही जाऊ शकतं. शिक्षकही, आईही. घरातला माणूस यायला तयार नसेल तर आईने एकटीने अल-अॅनॉनला जावं, त्याची परवानगी लागत नाही. एखाद्या मुलाच्या आईला पालकसभेनंतर बाजूला घेऊन तुम्ही हे सांगणार असाल, तर आधी जवळच्या मीटिंगची जागा, वार आणि वेळ चौकशी करून ठेवा, आणि चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्या. वर्गासमोर नको.